पेल एलचं वय

पेल एलची बाटली हातात घेतल्यावर माणसं आधी नाव वाचतात, मग अल्कोहोलचं प्रमाण, मग किंमत. बाटली कधी भरली, ती तारीख क्वचितच कोणी शोधतं. बऱ्याच लेबलांवर ती इतक्या बारीक ठिपक्यांत उमटलेली असते, की शोधूनही पटकन सापडत नाही. माझं म्हणणं असं आहे, की या बिअरच्या चवीबद्दल सर्वांत जास्त माहिती त्या तारखेत असते, आणि तारखेखालोखाल ती बाटली मधल्या काळात कुठे, किती उन्हात राहिली यात. पेल एल हा नाशवंत पदार्थ आहे. दूध किंवा पाव घेताना ‘आजचा आहे ना?’ असं आपण सहज विचारतो. तोच प्रश्न इथे विचारायला हवा. तो न विचारता दिलेला चवीचा निवाडा बिअर बनवणाऱ्यावर अन्याय करतो आणि पिणाऱ्यालाही काही शिकवत नाही. लहान प्रादेशिक ब्रूअरीच्या बाजूने जे काही भक्कम बोलता येईल, तेही या एका मुद्द्यावर उभं आहे. ती जवळ असते, म्हणून तिची बिअर तरुण असताना आपल्यापर्यंत पोहोचू शकते.

हे समजायला पेल एल कशाची बनते ते पाहावं लागेल. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात आणि मग ती वाळवतात. हा झाला माल्ट. पूर्वी लाकडाच्या धुरावर वाळवलेला माल्ट काळपट आणि धुरकट होई. इंग्लंडात सतराव्या शतकात कोक नावाचा कोळसा वापरून, धुराविना आणि बेताच्या आचेवर माल्ट वाळवायला लागले तेव्हा त्याचा रंग फिका राहिला, आणि त्या फिक्या माल्टच्या बिअरला पेल एल म्हणू लागले. हा माल्ट भरडून साधारण 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला, की त्यातली पिष्टं साखरेत बदलतात. तो गोड रस गाळून उकळायचा, उकळताना त्यात हॉप्स घालायचे, थंड करून यीस्ट सोडायचं. एलचं यीस्ट 20 अंशांच्या आसपास जोमाने काम करतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार होते. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक बिअर लागर असते. तिचं यीस्ट बऱ्याच थंडाव्यात हळूहळू आंबवतं आणि चव मुद्दाम स्वच्छ, सपाट ठेवली जाते. पेल एलमध्ये माल्टचा बिस्किटासारखा गोडवा, यीस्टने दिलेला थोडा फळांचा वास आणि वर हॉप्स, अशी तीन अंगं एकमेकांशी तोलून धरलेली असतात. बिघाड होतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या अंगात.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. हिरवी, कागदी पाकळ्यांची, आत पिवळसर राळेचे बारीक कण असलेली. या कणांत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्यांचा गोंधळ झाला की पेल एलबद्दलची सगळी चर्चा बिघडते. एक म्हणजे अल्फा आम्लं. उकळताना त्यांची रचना बदलते आणि बिअरला कडूपणा येतो; बिअर नासवणाऱ्या अनेक जीवाणूंना हा कडूपणा रोखूनही धरतो. दुसरी म्हणजे सुगंधी तेलं. मिर्सीन, लिनलूल, जेरॅनिऑल अशी त्यांतल्या रेणूंची नावं आहेत. ती उकळताना उडून जातात, म्हणून हॉप्सचा एक हिस्सा उकळीच्या अगदी शेवटी किंवा बिअर थंड झाल्यावर घालतात. कडूपणा बराच टिकाऊ आहे. महिने गेले तरी तो थोडाच उतरतो. सुगंध मात्र बाटलीत बंद झाल्या दिवसापासून ओसरायला लागतो. काही भाग ऑक्सिजन खातो, काही भाग झाकणाच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर चक्क शोषून घेतं. म्हणून जुन्या पेल एलमध्ये कडूपणा शिल्लक आणि वास गेलेला, अशी विजोड अवस्था येते. पहिल्यांदा पिणाऱ्याच्या हाती नेमकी अशी बाटली पडते आणि ‘ही बिअर नुसती कडू असते’ असं त्याचं मत कायमचं होऊन बसतं. त्याची जीभ खोटं बोलत नाही, पण त्याच्यापुढे अर्धीच बिअर आलेली असते.

हा सुगंध जपण्याच्या धडपडीचं एक नीट नोंदलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या चिको गावात आहे. केन ग्रॉसमन आणि पॉल कमूसी या दोघांनी तिथे सिएरा नेवाडा नावाची छोटी ब्रूअरी उभी केली आणि 1980च्या नोव्हेंबरात पहिली बिअर शिजवली. पैसे कमी, म्हणून दूधडेअऱ्यांची जुनी टाकाऊ यंत्रं आणून त्यांनी ती बिअरसाठी बदलून घेतली. त्यांची पेल एल कॅस्केड जातीच्या हॉप्सवर उभी होती. ऑरेगन राज्यात सरकारी संशोधन प्रकल्पात तयार झालेली ही जात 1972मध्ये शेतकऱ्यांसाठी खुली झाली होती. इंग्लिश हॉप्सचा वास माती-गवताकडे झुकणारा. कॅस्केडचा वास ग्रेपफ्रूटचा, आपल्याकडच्या पपनसाच्या सालीच्या जवळ जाणारा, मागे थोडा फुलांचा आणि चिडाच्या राळेचा. बॅचमागून बॅच सारखी उतरत नव्हती तेव्हा त्यांनी सुरुवातीच्या अनेक बॅच ओतून दिल्या, नव्या धंद्याला ते परवडणारं नसतानाही. आज त्या पेल एलमध्ये अल्कोहोल 5.6 टक्के आणि कडूपणाचा अंक 38 आहे. हा अंक म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमधल्या कडू आम्लांचे मिलिग्रॅम. हलक्या लागरमध्ये तो साधारण 10 ते 15 असतो. माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची पुढची वागणूक. त्यांनी बाटलीत थोडं यीस्ट राहू दिलं. ते बाटलीतच थोडं आंबवून वायू तयार करतं आणि आत अडकलेला ऑक्सिजनही वापरून टाकतं. 2007मध्ये त्यांनी हाताने फिरवून उघडणारी झाकणं सोडून उचकटून काढायची झाकणं आणली, कारण त्यांचं सील ऑक्सिजन जास्त चांगलं अडवतं. गिऱ्हाइकाची सोय त्यांनी चवीसाठी कमी केली. आणि धंदा देशभर वाढल्यावर 2014च्या सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या मिल्स रिव्हरला, त्यांनी दुसरी ब्रूअरी उघडली. पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाची बिअर तिकडेच शिजू लागली आणि ट्रकचा खंडभर प्रवास वाचला. जी ब्रूअरी लहानपणी फक्त जवळपासच्यांची होती, तिला मोठं झाल्यावर तीच जवळीक पैसे खर्चून पुन्हा विकत घ्यावी लागली.

ऑक्सिजनची एवढी भीती का, हे थोडं खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. त्यामागचा मुख्य रेणू ट्रान्स-टू-नोनेनल हा असल्याचं 1970च्या सुमारास दाखवलं गेलं. त्याचं प्रमाण अब्जात एक भागाच्याही दशांशाएवढं झालं तरी माणसाच्या नाकाला कळतं. उष्णतेने ही सगळी क्रिया वेगाने होते. ब्रूअरीवाल्यांचा याबद्दल एक आडाखा आहे: 32 अंशांवर 3 दिवस, 22 अंशांवर 30 दिवस आणि 3 अंशांवर 300 दिवस यांत बिअरचं होणारं नुकसान जवळपास सारखंच. हा आडाखा आहे, प्रयोगशाळेतला नियम नाही, पण त्याची दिशा बिनचूक आहे. आता तो महाराष्ट्राला लावून पाहा. मे महिन्यात नागपूर, जळगाव, सोलापूर इथे गोदामातला पारा 32वर थांबत नाही. ट्रकच्या हौद्यात, दुकानाच्या मागच्या खोलीत पेट्या आठवडेच्या आठवडे राहतात. विकायच्या आधी त्या फ्रिजमध्ये गेल्या, की बाटली गार लागते आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल ताजा आहे. गारवा दिला म्हणून झालेलं नुकसान परत भरून निघत नाही. लेबलवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असली, तरी त्या मुदतीत बिअर पिण्याजोगी राहील एवढंच त्यातून कळतं. ती जशी बनवली तशी लागेल, असा त्याचा अर्थ होत नाही. प्रकाशाची कथा वेगळी आणि त्याहून झटपट आहे. निळसर आणि अतिनील प्रकाश हॉप्सच्या कडू आम्लांवर पडला, की गंधकयुक्त रेणू तयार होऊन बिअरला उग्र, जनावरी वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारच कमी आणि पारदर्शक अजिबात नाही. भर उन्हात टेबलावर ठेवलेल्या ग्लासातही हे काही मिनिटांत घडू शकतं.

तारीख पाहिली, बाटली सावलीत आणि गारव्यात राहिल्याची खात्री झाली, मग चव घ्यायची. त्यात कसलाही गूढ संस्कार नाही, पण थोडी शिस्त आहे. बर्फगार बिअर हा आपल्याकडचा लाडका हट्ट पेल एलच्या मुळावर येतो. तीन-चार अंशांवर सुगंधी तेलं ग्लासातून वर येतच नाहीत आणि जीभही बधिर होते. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. 7 ते 10 अंश हे तिचं तापमान. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल तर फेस लगेच मरतो, म्हणून तो नीट विसळून घ्यावा आणि बिअर थोडी उंचीवरून ओतावी. फेस फुटताना वास वर आणतो. पहिलं काम नाकाचं, आणि ते ओतल्या-ओतल्या करायचं, कारण सर्वांत हलके गंध आधी निघून जातात. मग लहान घोट, तो तोंडभर फिरवायचा, गिळायचा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. घशामागून नाकात जाणारा हा वास म्हणजेच चवीचा मोठा भाग. वाइनचे परीक्षक अनेकदा घोट थुंकून टाकतात. बिअर चाखताना तो सहसा गिळतात, कारण गिळल्यानंतर कडूपणा कसा उठतो आणि कसा मावळतो हे पाहायचं असतं. चांगल्या पेल एलचा कडूपणा घोटाच्या शेवटी येतो, गोडवा पुसून तोंड कोरडं करतो आणि पुढच्या घोटाआधी मावळतो. कडूपणाऐवजी हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा जाणवला, तर माल्टच्या सालीतली टॅनिन्स उतरली आहेत असं समजावं. अर्धा ग्लास झाल्यावर थोडं थांबून पुन्हा वास घ्यावा. बिअर कोमट होत जाते तसा माल्ट पुढे येतो आणि थंडाव्यात झाकलेले दोषही उघडे पडतात.

पाण्याचा उल्लेख इथेच करायला हवा, कारण तो कडूपणाशी जोडलेला आहे. इंग्लंडात पेल एलचं माहेर मानलं जाणारं बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव जिप्समच्या थरांवर वसलेलं आहे आणि तिथल्या विहिरींच्या पाण्यात सल्फेट भरपूर. सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा, टोकदार लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रसायन कळल्यावर इतर गावचे ब्रूअर आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले, आणि आज पुण्यातली ब्रूअरीही तेच करू शकते. म्हणून ‘आमच्या गावच्या पाण्याची चव’ या जाहिरातीवर माझा फारसा विश्वास नाही. पाणी दुरुस्त करता येतं. गेलेला वेळ दुरुस्त करता येत नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो वजनदार आहे. पेल एल जर इतकी नाजूक, तर ती इंग्लंडातून हिंदुस्थानात आली कशी? अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना बिअर देई. 1820च्या दशकात बर्टनचा ब्रूअर ऑलसॉप या व्यापारात उतरला. या बिअरची पिंपं केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांत उतरत. ती टिकत, हे खरं. पण टिकण्याचा अर्थ नीट पाहायला हवा. त्या बिअरमध्ये हॉप्स भरपूर असत ते जीवाणूंना अडवण्यासाठी, म्हणजे वर सांगितलेल्या दोन गुणांपैकी टिकाऊ गुणासाठी. लाकडी पिंपात, प्रवासाच्या उष्णतेत, तिच्यातलं रानटी यीस्ट उरलेली साखर संपवी आणि ती कोरडी, मुरलेली, वाइनकडे झुकणारी होई. तिचे ग्राहक याच मुरण्याची वाखाणणी करत. हॉप्सचा ताजा सुगंध तिच्यात उरत नसे, आणि कोणी तो मागतही नव्हतं. मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं आहे, की ही बिअर हिंदुस्थानसाठी कोणी खास शोधून काढली ही कथा खरी नाही. इंग्लंडात साठवून मुरवायच्या ज्या बिअर आधीपासून होत्या, त्यांतलीच ती एक. साध्या सैनिकांसाठी तर मोठ्या प्रमाणावर काळी पोर्टर येई. म्हणजे समुद्र ओलांडणारी पेल एल आणि कॅस्केडचा वास घेऊन चिकोत जन्मलेली पेल एल यांचं नाव एक असलं, तरी पहिलीला काळ घडवत होता आणि दुसरीला काळ मोडतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मोठ्या कंपन्यांची बाटली भरायची यंत्रं लहान ब्रूअरीपेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजन आत जाऊ देतात, त्यांच्याकडे प्रयोगशाळा असतात, त्यांची प्रत्येक बाटली सारखी असते. लहान ब्रूअरीत मात्र यीस्टला वेळ न दिल्याने बिअरला लोण्यासारखा वास राहून जातो, कधी कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, कधी अस्वच्छ नळ्यांमुळे आंबूसपणा. हे सगळं खरं आहे आणि लहान म्हणजे चांगलं असं म्हणणाऱ्यांनी ते लपवू नये. लोण्याचा वास असलेली पेल एल ‘आमच्या घरची शैली’ म्हणून कोणी पुढे ठेवली, तर तो ग्लास परत करावा. गव्हाच्या काही बिअरमध्ये लवंगेचा आणि केळ्याचा वास हवाच असतो; पेल एलमध्ये लवंग आली तर बहुधा भलतं यीस्ट शिरलेलं असतं. पण या आक्षेपातून मोठ्या कंपनीची महिनोन्महिने फिरलेली पेल एल श्रेष्ठ ठरत नाही. पाश्चरीकरणाने जंतू मरतात, ऑक्सिडेशन थांबत नाही. आणि लहान ब्रूअरीचा कच्चा दुवा बाटली भरणं हाच असेल, तर तिची बिअर बाटलीविना, टाकीतून थेट नळावर प्यावी हे त्याचं सरळ उत्तर आहे. पुण्यात 2009मध्ये डूलॅली सुरू झाली, भारतातल्या पहिल्या मायक्रोब्रूअरींपैकी एक. तेव्हापासून पुण्या-मुंबईत अशी बरीच ठिकाणं झाली आहेत, जिथे टाकी आणि टेबल यांच्यात काही फुटांचं अंतर असतं. तिथे जाऊन पेल एल मागवणाऱ्याने ती कोणत्या आठवड्यात टाकीत आली, नळ्या कधी धुतल्या, हे विचारावं. उत्तर चटकन आणि नेमकं देणारी ब्रूअरी आपल्या जवळपणाचा खरा उपयोग करते. ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यांच्यासाठी जवळ असणं हा निव्वळ पत्ता आहे.

दारूच्या चवीवर इतकं लिहावं का, हाही प्रश्न आहे आणि तो टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2023मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. बिअर हलकी असते म्हणून ती यातून सुटत नाही. जो पीत नाही त्याने सुरू करावं असं या लेखातलं एकही कारण सांगत नाही. जे पितात त्यांच्याकडे मात्र दोन वाटा असतात: नशेसाठी पिणं आणि चवीसाठी पिणं. 100 मिलिलिटर ताजी पेल एल वीस मिनिटं लक्ष देऊन चाखणारा माणूस नंतर स्ट्राँग बिअरच्या तीन बाटल्या रिचवेलच असं नाही. तो अजिबात रिचवणार नाही अशी हमीही मी देत नाही, पण लक्ष आणि घाई एकत्र नांदत नाहीत.

शेवटचा आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो: हे सारे वास मनाचे खेळ आहेत. त्यात तथ्य आहे. फ्रान्समध्ये बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. 2001मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळे नाकाला फसवतात, लेबल आणि किंमतही फसवतात. म्हणून जाणकाराचा शब्द प्रमाण मानू नये, माझाही नाही. पण या फसवणुकीवरचा उपाय बिअरच्या धंद्यातच फार पूर्वी निघाला आहे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत 1940च्या दशकात तीन ग्लासांची चाचणी वापरात आली, आणि आज जगभर खाद्यपदार्थांसाठी ती वापरतात. ती घरी करता येते. एकाच ब्रूअरीच्या, एकाच तारखेच्या पेल एलच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एक महिनाभर फ्रिजमध्ये ठेवावी, दुसरी स्वयंपाकघरातल्या फडताळात. नंतर दोन्ही एकाच तापमानाला आणून, पाच जणांपुढे प्रत्येकी तीन ग्लास ठेवावेत, दोनांत एक बिअर आणि एकात दुसरी, ग्लासांचा क्रम प्रत्येकाला वेगळा. ओतणाऱ्याने खोलीबाहेर राहावं. प्रत्येकाने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. कोणता चांगला हे सांगायचं नाही. नुसता अंदाज ठोकला तरी तीन वेळांत एकदा उत्तर बरोबर येईल. पण पाचांपैकी चौघांनी वेगळा ग्लास अचूक उचलला, तर असं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी असते, आणि फडताळातल्या उन्हाळ्याने बिअरचं काय केलं हे मग त्या पाच जणांना कोणी सांगावं लागत नाही.